गोलाच्या फोडी : वप्रकाचे क्षेत्रफळ व पाचरीचे घनफळ

गोलाच्या एकाच व्यासातून जाणाऱ्या दोन पातळ्यांनी गोल छेदिला असता त्याचे जे भाग होतात, त्यांस गोलीय पाचर म्हणता येईल. संत्र्याची फोड हे तिचे परिचित उदाहरण होय. पाचरीस दोन सपाट व एक वक्र अशी तीन पृष्ठे असतात. सपाट पृष्ठे ही अर्धवर्तुळे असून वक्र पृष्ठ दोन अर्ध-बृहद्वृत्तांनी सीमित झालेले असते. या वक्र पृष्ठाला भास्कराचार्यांनी ‘वप्रक’ ही संज्ञा दिली आहे व तीच येथे स्वीकारली आहे. दोन्ही पातळ्यांमधील कोन हा पाचरीचा कोन होय.

वप्रकाचे क्षेत्रफळ काढण्याचा प्रचलित मार्ग अत्यंत सुगम आहे. गोल आपल्या अक्षाभोवती फिरविला असता समान कोनाचे वप्रक एकमेकांशी तंतोतंत जुळतात. म्हणून त्यांची क्षेत्रफळे समान असतात. कोन दुप्पट वा तिप्पट केल्यास क्षेत्रफळही त्याच पटीत वाढते. कोन वाढला की क्षेत्रफळ वाढते, एवढे ध्यानात घेतल्यास हे प्रमाण अपरिमेय कोनांनाही लागू पडते. संपूर्ण गोलपृष्ठ हा चार काटकोनांचा वप्रक होय आणि त्याचे क्षेत्रफळ बृहद्वृत्ताच्या चौपट असते. यावरून, कोन रेडियनमध्ये मोजल्यास, वप्रकाचे क्षेत्रफळ कोन व त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या दुप्पट होते.

या युक्तिवादात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे संपूर्ण गोलपृष्ठाचे क्षेत्रफळ. समप्रमाणाचे तत्त्व केवळ वाटणी करते. मूळ राशी ते पुरवीत नाही. ती राशी चुकली तर प्रत्येक वप्रकही त्याच प्रमाणात चुकणार. ही केवळ तार्किक शंका नव्हे. भारतीय गणिताच्या इतिहासात अशी चूक प्रत्यक्ष घडलेली आहे. आठव्या शतकातील ज्योतिर्विद लल्ल याने बृहद्वृत्ताच्या क्षेत्रफळास परिघाने गुणून गोलपृष्ठ काढण्याची रीत सांगितली होती. पृथ्वीचा व्यास १०५० योजने व परिघ ३३०० योजने धरून त्याने काढलेले भूपृष्ठ २८५ कोटी वर्ग-योजनांहून अधिक आले. वस्तुतः याच मानांवरून ते ३४ लक्ष ६५ हजार इतके यावयास हवे. म्हणजे लल्लाचे उत्तर आठशेपटींहून अधिक ठरते. क्षेत्रफळास लांबीने गुणिले असता घनमानाची राशी मिळते, पृष्ठमानाची नव्हे, हा या रीतीतील मूलभूत दोष होय.

शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये रचिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी या चुकीवर स्पष्ट बोट ठेविले आहे. परिघ ४९६७ योजने व व्यास १५८१ पूर्णांक एक-चोविसांश योजने घेऊन, या दोहोंच्या गुणाकाराने त्यांनी भूपृष्ठ ७८,५३,०३४ वर्ग-योजने दिले. परंतु नियम सांगून ते थांबले नाहीत. स्वतःच्या ‘वासनाभाष्या’त त्यांनी त्याची उपपत्ती दिली आणि तीत प्रचलित मार्गाचा क्रम नेमका उलटा केला. तेथे गोलावरून वप्रक न काढता वप्रकावरून गोल काढलेला आहे.

मोठ्या आवळ्यावर देठापासून बुडापर्यंत जशा स्वाभाविक रेषा दिसतात, तशा रेषांनी गोलपृष्ठाचे ९६ वप्रक कल्पावेत. परिघही ९६ एककांचा घ्यावा, म्हणजे मध्यभागी प्रत्येक वप्रकाची रुंदी एक एकक होईल. ध्रुवापासून मध्यवृत्तापर्यंतचे अंतर २४ एकके भरते. तेथवर एकेका एककावर आडव्या रेषा काढल्या असता अर्ध्या वप्रकाचे २४ तुकडे पडतात. त्यांपैकी ध्रुवाजवळचा तुकडा त्रिकोणाकार व बाकीचे समलंब चौकोनाच्या आकाराचे असतात. कोणत्याही ठिकाणची रुंदी तेथील भुजज्येच्या प्रमाणात असते. आणि या भुजज्या ३ अंश ४५ कलांच्या अंतराने दिलेल्या नेहमीच्या कोष्टकात तयारच होत्या.

त्रिज्या ३४३८ असता या २४ भुजज्यांची बेरीज ५४२३३ येते. तीतून त्रिज्यार्ध, म्हणजे १७१९, वजा करून बाकीस पुन्हा १७१९ ने भागिले असता संपूर्ण वप्रकाचे क्षेत्रफळ ३० पूर्णांक ३३ षष्ट्यंश मिळते. परिघ ९६ असलेल्या गोलाचा व्यासही ३० पूर्णांक ३३ षष्ट्यंशच आहे. एका वप्रकाचे फळ व्यासाइतके आणि वप्रकांची संख्या परिघाइतकी. म्हणून गोलपृष्ठ म्हणजे परिघ गुणिले व्यास, हा निष्कर्ष निघतो.

ही उपपत्ती कितपत पूर्ण मानावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. भुजज्यांची बेरीज अचूकपणे केली असता वप्रकाचे फळ १ अंश ५२ १/२ कला या कोनाच्या कोटिस्पर्शज्येइतके, म्हणजे ३०.५४६८ येते; व्यास मात्र ३०.५५७७ आहे. दोहोंतील अंतर व्यासाच्या सुमारे २८०० व्या भागाइतके असून ते केवळ कोष्टकाच्या स्थूलतेमुळे पडलेले नाही. वक्र तुकड्यांच्या जागी सरळ कडांचे तुकडे घेतल्याचा तो परिणाम होय. विभागांची संख्या दुप्पट केल्यास हे अंतर सुमारे एक-चतुर्थांश होते आणि संख्या अमर्याद वाढविल्यास शून्याकडे जाते. सारांश, भास्कराचार्यांची आकडेमोड ही आजच्या अर्थाने सिद्धता नव्हे. परंतु तिची रचना अशी आहे की सीमेची कल्पना जोडताच ती सिद्धता होते. लल्लाच्या नियमाला अशा कोणत्याही विभाजनाचा आधार सापडत नाही. खरा भेद आहे तो येथेच.

पाचरीचे घनफळही याच विचारसरणीने मिळते. वप्रकाचे अतिसूक्ष्म तुकडे कल्पून प्रत्येकाच्या पायावर गोलकेंद्र हा शिरोबिंदू असलेली सूची उभारावी. प्रत्येक सूचीची उंची त्रिज्येइतकी असल्याने सर्वांचे मिळून घनफळ वप्रकाचे क्षेत्रफळ व त्रिज्या यांच्या गुणाकाराचा तृतीयांश होते. म्हणजेच कोन व त्रिज्येचा घन यांच्या गुणाकाराचे दोन-तृतीयांश. दोन्ही सपाट पृष्ठे केंद्रातूनच जात असल्यामुळे त्यांवर उभारलेल्या सूचींची उंची शून्य असते आणि घनफळात त्यांचा काहीच वाटा नसतो. पाचरीचे एकूण पृष्ठफळ काढताना मात्र त्यांची भर घालावीच लागते. ती भर कोनावर अवलंबून नसून सदैव एका बृहद्वृत्ताइतकी असते. म्हणूनच फोडी जितक्या अधिक व बारीक कराव्यात, तितके घनफळाच्या तुलनेने उघडे पडणारे पृष्ठ वाढत जाते.

वप्रकाचा सर्वांत सुंदर उपयोग गोलीय त्रिकोणाच्या क्षेत्रफळात दिसून येतो. त्रिकोणाच्या तीन बाजू पूर्ण बृहद्वृत्तांपर्यंत वाढविल्या असता प्रत्येक कोनाशी एक व त्याच्या प्रतिध्रुवीय कोनाशी एक, असे एकूण सहा वप्रक तयार होतात. हे सहा वप्रक संपूर्ण गोल व्यापितात. मात्र मूळ त्रिकोण व त्याचा प्रतिध्रुवीय त्रिकोण हे प्रत्येकी तीनदा मोजिले जातात, म्हणजे आवश्यकतेपेक्षा दोनदा अधिक. दोन्ही त्रिकोण समक्षेत्र असल्याने, वप्रकांची बेरीज ही गोलपृष्ठापेक्षा त्रिकोणाच्या चौपटीने जास्त भरते. यावरून तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा जितक्या रेडियनांनी अधिक असेल, तितक्यांनी त्रिज्येच्या वर्गास गुणिले असता त्रिकोणाचे क्षेत्रफळ मिळते. हा नियम आल्बेर जिरार याने १६२९ मध्ये प्रसिद्ध केला. तिन्ही कोन काटकोन घेतल्यास अधिक्य एका काटकोनाचे येते व त्रिकोण गोलपृष्ठाचा अष्टमांश ठरतो. तीन परस्परलंब पातळ्यांनी गोलाचे आठ समान भाग होतात, त्याच्याशी हे जुळते.

गोलीय त्रिकोणाचे क्षेत्रफळ केवळ कोनांवरून कळते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. परंतु वप्रकाचे क्षेत्रफळ एका कोनानेच ठरते हे जाणल्यावर तिच्यातील गूढ उरत नाही. हिशेब मुळात फोडींचा आहे. त्रिकोण हा त्या फोडी एकमेकींवर पडल्याने उरलेला भाग होय.