व्हॉल्व्ह ॲम्प गप्प का होतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९६०च्या दशकातला फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब हा ॲम्प आजही गिटारवाले जिवापाड जपतात. ताकद २२ वॅट, १२ इंची एकच स्पीकर आणि मागे ओळीने नऊ व्हॉल्व्ह. असा ॲम्प लावला, लाल दिवाही लागला, पण आवाजच नाही, की जो तो सल्ला द्यायला पुढे येतो. त्यातले काही सल्ले खिशाला महाग पडतात, काही जिवावर बेततात.

गैरसमज : व्हॉल्व्ह उजळले, म्हणजे ते ठणठणीत आहेत.
वस्तुस्थिती : दिसतो तो फिलामेंटचा उजेड. बहुतेक व्हॉल्व्हना त्यासाठी ६.३ व्होल्ट पुरतात. आवाजाला लागणारे ४०० व्होल्टच्या वरचे डीसी ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगमधून, जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हमार्गे येते. हा रेक्टिफायर निकामी झाला किंवा स्टँडबायचे बटण खराब झाले, तरी बाकीचे आठ व्हॉल्व्ह खुशाल उजळत राहतात.

गैरसमज : आवाज गेला म्हणजे व्हॉल्व्ह गेले, सगळा संच बदला.
वस्तुस्थिती : आधी दुसरी गिटार, दुसरी केबल लावून पाहा. मग मागे डोकवा. तिथे स्पीकरचे दोन जॅक असतात. मुख्य जॅकमध्ये पिन नसेल, तर आतली पत्ती आउटपुट शॉर्ट करते. त्यामुळे स्पीकरची पिन चुकून शेजारच्या जादा स्पीकरच्या जॅकमध्ये गेली, की सगळे भाग धडधाकट असूनही ॲम्प बोलत नाही. इनपुट जॅकमध्येही अशीच पत्ती असते. ती वाकली तर केबल घातल्यावरही सुटत नाही आणि गिटारचा सिग्नल तिथेच ग्राउंड होतो. व्हॉल्व्हवर संशय असेलच, तर खात्रीचा एकेक व्हॉल्व्ह घालून पाहावा, तोही ॲम्प बंद करून, गार झाल्यावर.

गैरसमज : गप्प म्हणजे गप्प, त्यावरून दोष कळत नाही.
वस्तुस्थिती : बरेच कळते. व्हॉल्यूम वाढवून कान स्पीकरजवळ न्या. बारीक गुणगुण किंवा सरसर ऐकू येत असेल, तर आउटपुट आणि स्पीकर जिवंत आहेत. दोष पुढच्या भागात, म्हणजे इनपुट किंवा छोट्या व्हॉल्व्हमध्ये शोधा. काहीच ऐकू येत नसेल, तर स्पीकर, त्याची वायर किंवा हाय व्होल्टेज पाहावे लागते. या ॲम्पला दोन चॅनेल आहेत. एकच बंद असेल, तर दोन्हींना सामाईक असलेले आउटपुट व्हॉल्व्ह निर्दोष सुटतात. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टिंग आले, तर तिथून पुढची वाट मोकळी आहे.

गैरसमज : फ्यूज सारखा उडतो, तर जाड टाका.
वस्तुस्थिती : जाड फ्यूज टाकला, की फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूज उडण्यामागे बहुधा शॉर्ट झालेला रेक्टिफायर, आउटपुट व्हॉल्व्ह किंवा फिल्टर कपॅसिटर असतो. परदेशातून आणलेल्या ॲम्पबाबत आणखी एक कारण असते. अमेरिकन ॲम्प तिकडच्या ११७-१२० व्होल्टसाठी बनलेला. आपल्या २३० व्होल्टला तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचाच नाही. फ्यूज उडवणारा ॲम्प जाणकार कारागीर थेट लावत नाही, सिरीज लॅम्पवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडून लावतो. जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे.

गैरसमज : स्पीकर काढून तपासलेले बरे, तो तरी वाचेल.
वस्तुस्थिती : हे उलटे आहे. ट्रान्झिस्टर ॲम्पला शॉर्टची भीती, तर व्हॉल्व्ह ॲम्पला मोकळ्या आउटपुटची. स्पीकर नसताना सिग्नल दिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून त्याचे इन्सुलेशन फुटू शकते. मुख्य जॅकमधली ती शॉर्ट करणारी पत्ती याचसाठी बसवलेली आहे.

गैरसमज : प्लग काढला, म्हणजे आत हात घालायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसू शकतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करण्याची पद्धत वाईटच. योग्य रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरवर खात्री करावी लागते. मूळ दोन पिनांचा प्लग असेल, तर त्याजागी अर्थिंगसह तीन पिनांचा बसवून घ्यावा. नाहीतर बिघाड झाल्यास बॉडीत आलेला करंट गिटारच्या तारांपर्यंत पोचतो.

केबल, जॅक, व्हॉल्व्ह आणि फ्यूज एवढे घरी तपासा. चॅसिस उघडायची वेळ आली, तर व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या कारागिराकडेच जा.