पुरुससॉरस : मगरींचा एक लुप्त भाऊबंद

नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो. त्या परिसरांतील नद्यांत मगरी आहेत, हें नदीकांठच्या गांवकऱ्यांस सांगावयास नको. दहा फुटांची मगर कांठावर ऊन खात पडलेली दिसली कीं घाटावरील माणसें दचकतात. तिच्याहून तिप्पट लांब प्राणी पाण्यांत असता, तर काय झालें असतें?

असा प्राणी खरोखरच होऊन गेला. मात्र तो आपल्या देशांत नव्हे, तर दक्षिण अमेरिकेंत. ब्राझिलांतील पुरुस नदीवरून त्यास पुरुससॉरस म्हणतात. १८९२ सालीं बार्बोझा रोद्रिगेस नांवाच्या ब्राझिली वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें हें नामकरण केलें. त्या खंडांतील नद्यांत आजहि राहणाऱ्या केमन नामक प्राण्यांचा तो जवळचा आप्त. केमनांचें व आपल्या मगरींचें कूळ फार प्राचीन काळीं विभक्त झालें. त्यामुळें कृष्णेंतील मगरीचा तो दूरचाच भाऊबंद होय.

त्याच्या सर्वांत मोठ्या जातीची एक कवटी सुमारें साडेचार फूट लांब आहे. परंतु त्या जातीचा संपूर्ण सांगाडा हातीं न आल्यानें अंगाची लांबी कवटीवरूनच ताडावी लागते. कोणी ती चाळीस फूट मानतात, तर अलीकडील कांहीं अभ्यासक तीस फुटांच्या आसपास थांबतात. त्याच्या आहाराचा एक पुरावा पेरू देशांत नापो नदीकांठीं मिळाला. तेथें सांपडलेल्या, सुमारें १ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वींच्या एका भूचर स्लॉथ प्राण्याच्या पायाच्या हाडावर दांतांच्या ४६ खुणा आहेत. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें त्या बहुधा पुरुससॉरसच्या, आणि त्याहि अर्धवट वाढलेल्या पिलाच्या!

इतका बलाढ्य प्राणी मग नष्ट कां झाला? त्या काळीं ॲमेझॉनच्या पश्चिम भागांत सरोवरें व दलदली यांचा अफाट प्रदेश होता. पुढें अँडीज पर्वत उंचावत गेला, त्यावरून आलेल्या गाळानें दलदली भरल्या आणि नद्या पूर्वेकडे वाहूं लागल्या. विस्तीर्ण उथळ पाणी व त्यांतील विपुल भक्ष्य यांवर ज्याचा अवाढव्य देह पोसला होता, त्याचा आधारच सुटला, असें शास्त्रज्ञ मानतात. लहान केमन मात्र उरलेल्या ओढ्यानाल्यांत तगले.

आपल्या मगरीसहि नुसतें पाणी पुरत नाहीं. ती कांठाच्या वाळूंत खड्डा करून अंडीं घालते. वाळू उपसली कीं तिची वीण धोक्यांत येते. १९७२ च्या कायद्यानें तिला संरक्षण दिलें आहे; पण वाळूचा निवांत कांठ राखणें हें गांवकऱ्यांच्याच हातीं आहे. जेथें मगर दिसते, तेथील पाणवठा सोडावा, मुलांस व गुरांस तेथें उतरूं देऊं नये, आणि तो कांठ तिच्याकडे राहूं द्यावा. यांतच माणसांचें व मगरीचें, दोघांचेंहि हित आहे.