कन्सोल नोंद (जावास्क्रिप्ट)

कन्सोल नोंद किंवा कन्सोल लॉगिंग म्हणजे एखादी आज्ञावली चालू असताना तिच्या आत काय घडत आहे, याची मजकूररूप नोंद विकासकासमोर मांडण्याची पद्धत होय. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत ही सोय 'कन्सोल' नावाच्या वस्तूमार्फत (ऑब्जेक्टमार्फत) मिळते. लहानसा प्रयोग करण्यास एवढी सोय पुरेशी असते. मोठ्या उपयोजनांत मात्र नोंदींचे वर्गीकरण, नियंत्रण आणि गोपनीयता यांसाठी बहुधा स्वतंत्र लायब्ररी वापरली जाते.

या लेखात आज्ञांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

नाव

इंग्रजीतील 'लॉग' या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात सोडत आणि ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते पाहत. ही मापे ज्या वहीत लिहिली जात, ती 'लॉगबुक' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे कालक्रमाने ठेवलेल्या कोणत्याही नोंदीस हा शब्द लागू झाला आणि तेथून तो संगणकशास्त्रात आला. मराठीत त्यासाठी 'नोंद' हा शब्द अर्थाने जवळचा आहे.

इतिहास

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. आरंभीच्या काळात एखाद्या चलाची (व्हेरिएबलची) किंमत पाहण्यासाठी विकासक 'अलर्ट' ही सूचनाखिडकी वापरत. ती बंद करेपर्यंत पुढील आज्ञा थांबून राहत असल्याने शंभर वेळा फिरणाऱ्या आवर्तनात हा उपाय निरुपयोगी ठरे.

२००६ मध्ये जो ह्यूइट यांनी फायरफॉक्स न्याहाळकासाठी फायरबग हे विस्तारक प्रसिद्ध केले. 'कन्सोल.लॉग' ही आज्ञा रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. इतर न्याहाळकांनीही ही सोय स्वीकारली. फायरबगचा विकास २०१७ मध्ये थांबवण्यात आला. तोपर्यंत तशी साधने न्याहाळकांचा अंगभूत भाग झाली होती.

कन्सोल ही वस्तू जावास्क्रिप्टच्या अधिकृत भाषाप्रमाणकाचा, म्हणजे एक्मास्क्रिप्टचा, भाग नाही. तिचे स्वतंत्र प्रमाणक व्हॉटडब्ल्यूजी हा गट राखतो. आरंभी या बाबतीत एकवाक्यता नव्हती. इंटरनेट एक्सप्लोररच्या ८ व ९ या आवृत्त्यांत विकासक-साधने उघडलेली नसतील, तर कन्सोल ही वस्तूच अस्तित्वात नसे. परिणामी विकासकाच्या संगणकावर सुरळीत चालणारे पान ग्राहकाकडे बंद पडे आणि दोष शोधण्यासाठी साधने उघडताच तो नाहीसा होई.

मूलभूत आज्ञा

* लॉग, इन्फो, वॉर्न, एरर, डीबग – निरनिराळ्या महत्त्वाच्या नोंदी करणे.
* टेबल – वस्तूंची यादी तक्त्याच्या रूपात दाखवणे.
* ग्रुप, ग्रुपएंड – संबंधित नोंदी एका गटाखाली मांडणे.
* टाइम, टाइमएंड – एखाद्या कामास लागलेला वेळ मोजणे.
* ट्रेस – त्या ओळीपर्यंत आज्ञावली कोणत्या मार्गाने पोहोचली ते दाखवणे.
* असर्ट – दिलेली अट असत्य असेल तरच नोंद करणे.

नोड.जेएस या सर्व्हरवरील प्रणालीत लॉगची नोंद प्रमाण निर्गमाकडे, तर एररची नोंद त्रुटी-निर्गमाकडे जाते. त्यामुळे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या फाइलींत साठवता येतात.

नवशिक्यांचा एक गोंधळ येथे नोंदवणे आवश्यक आहे. न्याहाळकाच्या कन्सोलमध्ये एखादी वस्तू नोंदवली, तर तिची प्रत नव्हे, संदर्भ ठेवला जातो. नोंदीनंतर ती वस्तू बदलली आणि मग कन्सोलमध्ये ती उलगडून पाहिली, तर बदललेली स्थिती दिसते. त्या क्षणाची स्थिती हवी असल्यास वस्तूचे जेसन मजकुरात रूपांतर करून तो नोंदवावा.

लायब्ररीची गरज

विकासाच्या काळात विपुल नोंदी उपयुक्त असतात. प्रत्यक्ष वापरात त्याच अडचणीच्या ठरतात. प्रकाशनापूर्वी प्रत्येक ओळ हाताने काढणे हा उपाय टिकाऊ नाही, कारण पुढे दोष उद्भवला की त्याच ओळी पुन्हा लिहाव्या लागतात. टर्सरसारखे साधन सर्व कन्सोल-आज्ञा गाळू शकते, परंतु सरसकट गाळल्यास गंभीर त्रुटींच्या नोंदीही जातात.

लायब्ररी यावर पातळ्यांचा मार्ग सुचवते. प्रत्येक नोंदीस महत्त्वानुसार पातळी दिली जाते आणि ठरवलेल्या पातळीखालील नोंदी दडपल्या जातात. आज्ञावलीतील ओळी तशाच राहतात. बदलते ती केवळ एक मांडणी.

प्रमुख लायब्रऱ्या

लॉगलेव्हल ही न्याहाळकासाठी सोयीची, लहान आकाराची लायब्ररी आहे. तीत ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न आणि एरर या चढत्या पातळ्या असून 'सायलेंट' निवडल्यास सर्व नोंदी थांबतात. काहीच न ठरवल्यास वॉर्न व त्यावरील नोंदी दिसतात. 'सेटलेव्हल' या आज्ञेने निवडलेली पातळी न्याहाळकाच्या स्थानिक साठ्यात जतन होते. म्हणून चाचणीसाठी बदललेली पातळी पान पुन्हा उघडल्यावरही कायम राहते.

डीबग या लायब्ररीत पातळ्यांऐवजी नामविभागांवर भर आहे. प्रत्येक विभागास नाव देऊन हव्या त्याच विभागाच्या नोंदी चालू करता येतात.

विन्स्टन ही नोड.जेएससाठी असून एकच नोंद कन्सोल, फाइल अशा अनेक ठिकाणी पाठवू शकते.

पिनो ही वेगावर भर देणारी लायब्ररी प्रत्येक नोंद एका ओळीच्या जेसन स्वरूपात लिहिते. तिच्या पातळ्यांना ट्रेस १० पासून फेटल ६० पर्यंत अंक आहेत. असा मजकूर यंत्राला शोधण्यास सोपा, पण माणसाला वाचण्यास अवघड असतो. म्हणून विकासाच्या काळात पिनो-प्रिटी हे साधन जोडीला वापरतात.

वापरातील अडचणी

पातळी बंद असली, तरी नोंदीसाठी दिलेली पदावली आधी सोडवली जातेच. मोठ्या वस्तूचे मजकुरात रूपांतर करून तो नोंदवायचा असेल, तर प्रथम पातळी तपासणे इष्ट ठरते.

कन्सोल प्रत्येक नोंदीसमोर मूळ फाइल व ओळक्रमांक दाखवते. स्वतःचे वेष्टन-फलन (रॅपर फंक्शन) लिहिल्यास सर्व नोंदींसमोर त्या फलनाचीच ओळ दिसते आणि दोषाचा माग हरवतो. 'बाइंड' पद्धतीने मूळ फलनच पुढे दिल्यास ही अडचण टळते.

गोपनीयता व सुरक्षा

न्याहाळकाचे कन्सोल पानास भेट देणारा कोणीही उघडू शकतो; तेथील नोंद गुप्त नसते. सर्व्हरवरील नोंदीही निर्धोक नसतात. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केले की, एका दोषामुळे वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द सांकेतिक रूपात बदलण्यापूर्वीच अंतर्गत नोंदीत उतरत होते. गैरवापराची चिन्हे आढळली नसल्याचे कंपनीने सांगितले, तरी सर्वांना परवलीचा शब्द बदलण्याचा विचार करण्यास सुचवले. परवलीचे शब्द, ओटीपी, आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील इत्यादी नोंदवू नयेत. पिनोमधील 'रिडॅक्ट' ही सोय ठरावीक रकाने झाकून टाकते. मात्र कोणते रकाने झाकायचे, हे विकासकालाच ठरवावे लागते.

लायब्ररी ही परक्याने लिहिलेली आज्ञावली असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये कन्सोलमधील मजकूर रंगवणाऱ्या कलर्स या लायब्ररीत तिच्याच निर्मात्याने न संपणारे आवर्तन घातले आणि तिच्यावर विसंबलेली अनेक उपयोजने बंद पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका देखभालकर्त्याचे खाते फसवणुकीने ताब्यात घेऊन डीबग व चॉक यांसह अनेक लायब्रऱ्यांच्या घातक आवृत्त्या प्रसृत करण्यात आल्या. त्यामुळे आवृत्ती निश्चित करून ठेवणे आणि अद्ययावत करण्यापूर्वी बदल तपासणे श्रेयस्कर ठरते.

मराठी मजकुराच्या नोंदी

जावास्क्रिप्टमधील मजकूर युनिकोडवर आधारित असल्याने मराठी संदेश सरळ नोंदवता येतात. अडचण येते ती रकाने जुळवताना. 'मराठी' हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा वाटतो, परंतु मजकुराची लांबी सांगणारा 'लेंग्थ' हा गुणधर्म पाच हा आकडा देतो. कारण म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी हे घटक स्वतंत्र मोजले जातात. म्हणून 'पॅडएंड' वापरून आखलेले तक्ते देवनागरीत वाकडे दिसतात. 'इंटल.सेगमेंटर' वापरल्यास या शब्दाची अक्षरे तीनच मोजली जातात. तरीही देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे रकाने तंतोतंत जुळतीलच असे नाही.

हेही पाहा

* जावास्क्रिप्ट
* नोड.जेएस
* जेसन
* युनिकोड