सहाचे बारा व्होल्ट
(नभोवाणीवरील भाषण)



नव्या मोटारीचा मालक मोटारींत बसतो आणि जुन्या मोटारीचा मालक निम्मा वेळ मोटारीखालीं निजलेला असतो, असें मी थट्टेनें म्हणत असें. परंतु गेल्या हिंवाळ्यांत माझ्या पुतण्याच्या जुन्या मोटारीपायीं मलाच विजेचें शालेय पुस्तक पुन्हां उघडावें लागलें. त्यांतून जें शिकलों, आणि जें शिकण्यास उशीर झाला, तें आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. मी एंजिनियर नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना गणित व शास्त्र शिकविलेला, मॅट्रिक झालेला एक मास्तर आहें. तेव्हां सांगण्याची पद्धति फळ्यासमोरची वाटली तर क्षमा असावी.

पुतण्याची मोटार १९६३ सालची फोक्सवागन आहे. भुंगेऱ्यासारख्या पाठीमुळें सारें जग तिला ‘बीटल’ म्हणतें. फर्डिनंड पोर्श यांनीं आंखलेली ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या अखेरीपासून, जर्मनींतील वुल्फ्सबुर्ग येथें नियमानें तयार होऊं लागली. आणि २००३ सालीं मेक्सिकोंत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या झाल्या. तिचें एंजिन मागें असतें व तें हवेनें थंड होतें. पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं. एक पंखा सिलिंडरांवर वारा घालतो, एवढीच व्यवस्था. या पंख्याची आठवण ठेवावी, कारण पुढें त्याच्याशीं गांठ आहे.

एके रात्रीं पुतण्या बायकामुलांसह फलटणहून लोणंदच्या रस्त्यानें येत होता. पुढें उसानें भरलेली बैलगाडी चालली होती. तिला कंदील नव्हता. बैलगाडी दिसली तेव्हां ती इतकी जवळ होती कीं, ब्रेक दाबून गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घालावी लागली. कोणाला इजा झाली नाहीं. घरीं आल्यावर तो मला म्हणाला, “काका, या गाडीचे दिवे म्हणजे देवघरांतल्या समया आहेत. सहा व्होल्ट काढून बारा करून टाकतों.” मिस्त्रीनेंहि त्याला सांगितलें होतें कीं, बॅटरी बदला, बल्ब बदला, काम झालें. मीं म्हटलें, “आधीं हिशेब मांडूं.”

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितकें नळाचें पाणी जोरानें येतें; तसाच हा प्रकार. नळांतून किती पाणी वाहतें तो प्रवाह. तो अँपिअरांत मोजतात. नळाची अरुंदी म्हणजे रोध. त्याचें माप ओहम. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे काम करण्याची शक्ति येते. ती वॅटमध्यें सांगतात. मोटारीच्या शिशाच्या बॅटरींतील प्रत्येक कप्पा सुमारें दोन व्होल्ट देतो. म्हणून तीन कप्प्यांची बॅटरी सहाची आणि सहा कप्प्यांची बाराची.

आतां ४५ वॅटचा मोठा दिवा घ्या. सहा व्होल्टांवर त्याला साडेसात अँपिअर लागतात. दोन दिव्यांना पंधरा. जुन्या गाडींत तारेचे सांधे, बटणें, फ्यूजच्या पट्ट्या, पत्र्याशीं केलेलें अर्थिंग, या सगळ्यांवर गंज चढलेला असतो. जाण्यायेण्याच्या वाटेवर मिळून केवळ एक दशांश ओहम रोध आला असें धरलें, तरी पंधरा अँपिअरांना त्या वाटेंत दीड व्होल्टाची जकात द्यावी लागते. सहांतून दीड गेला. दिव्याच्या हातीं साडेचार राहिले. तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो. दाब चतुर्थांशानें घटला कीं प्रकाश निम्म्याच्याहि खालीं जातो. तेच दिवे बारा व्होल्टांचे असते तर प्रवाह साडेसात अँपिअर, जकात पाऊण व्होल्ट, आणि तीहि बारांतून. म्हणजे तोटा चौथ्या हिश्श्याचा होता तो सोळाव्यावर आला. दाब दुप्पट करण्याचें सारें मर्म या एका त्रैराशिकांत आहे. अमेरिकन कारखान्यांनीं मोठ्या एंजिनांना फिरविण्यास जोर हवा म्हणून १९५५-५६ पर्यंत बहुतेक गाड्या बारावर नेल्या. बीटलनें अमेरिकेसाठींच्या १९६७ च्या नमुन्यापासून तीच वाट धरली.

परंतु हिशेब झाला म्हणजे रोगाची परीक्षा झाली असें नव्हे. मीं पुतण्याला व्होल्टमीटर आणावयास लावला. दिवे लावून बॅटरीपाशीं मोजलें तों सहा. दिव्याच्या टोंकाशीं मोजलें तों साडेचार. मग दोन रविवार खर्चून आम्हीं बॅटरीचीं टोकें, अर्थिंगची वेणीची पट्टी, फ्यूजच्या जागा आणि दिव्यांचें अर्थिंग कानशीनें व घांसकागदानें लख्ख केलें. पुन्हां मोजलें तेव्हां दिव्याशीं साडेपांचाच्या वर दाब आला, आणि रस्ता दिसूं लागला. म्हणजे निम्माशिम्मा रोग व्होल्टांचा नसून गंजाचा होता. ज्यांच्याजवळ अशी गाडी आहे त्यांना माझी पहिली विनंति हीच कीं, आधीं घांसून पाहा. कित्येकांना पुढच्या खर्चाची गरजच पडणार नाहीं. लाखों बीटल सहा व्होल्टांवर वर्षानुवर्षें सुखानें धांवल्या आहेत.

पुतण्यानें तरीहि बदल करण्याचें ठरविलें. सहा व्होल्टचे बल्ब आणि बॅटऱ्या त्याला सहजासहजीं मिळत नव्हत्या, आणि कुटुंबासह रात्रींचा प्रवास टळणारा नव्हता. मग प्रश्न आला, काय बदलावें आणि काय ठेवावें? येथें मीं एक सूत्र बांधलें: वीज वाहून नेणारें राहूं द्यावें, वीज खाणारें बदलावें.

तारा वीज वाहतात. बारा व्होल्टांवर त्यांच्यांतून पूर्वींच्या निम्माच प्रवाह जातो. म्हणून जुन्या जाड तारा राहूं द्याव्या. मात्र तारेवरचें वेष्टण कुजलेलें नसावें. कारण कोठें तार उघडी पडून पत्र्याला लागली, तर दुप्पट दाब दुप्पट प्रवाह लोटतो. बटणें राहतात. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, कंडेन्सर, प्लग राहतात. पॉइंटमधील फट पूर्वींचीच, ०.४ मिलिमीटर. वेगाचा कांटा आणि या सालच्या गाडींतला पेट्रोलचा कांटा केबलीनें फिरतात. त्यांना विजेचें सोयरसुतक नाहीं.

वीज खाणारे सर्व बदलावे लागतात. सहाच्या दिव्याला बारा व्होल्ट दिले तर हिशेबानें दुप्पट प्रवाह व चौपट उष्णता. तो क्षणांत जळतो. हाच न्याय हॉर्नला, प्लगकडे ठिणगी धाडणाऱ्या कॉइलला, कारब्युरेटरच्या आपोआप चालणाऱ्या चोकमधील तापणाऱ्या तारेला, आणि त्याच्या जेटवर विजेची झडप असल्यास तिलाहि. कॉइल जुनीच ठेवली तर गाडी चालूं होते, म्हणून लोक फसतात. पण कॉइल तापत राहते, पॉइंट जळतात, आणि कोठें तरी आडरानांत गाडी थांबते. वळण्याची खूण देणाऱ्या दिव्यांचा फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर उघडझांक करीत असतो. प्रवाह निम्मा झाला कीं त्याचा ताल चुकतो, म्हणून तोहि नवा. वायपरच्या मोटरला कोणी मधें रोध घालतात. ती मोटर तीन अँपिअर घेत असली तर दोन ओहमचा रोध लागतो. तो अठरा वॅटची शेगडी होऊन बसतो, आणि कांच ओली-कोरडी होईल तसा मोटरचा दाबहि वरखालीं होतो. म्हणून मिळाल्यास बाराचीच मोटर बसवावी.

आतां तो पंखा. बीटलमध्यें वीज उत्पन्न करणारा जनरेटर आणि एंजिन थंड करणारा पंखा एकाच दांड्यावर आहेत. एंजिनाच्या कप्पीवरून एक पट्टा येतो व दोघांनाहि फिरवितो. म्हणून येथें जनरेटर बदलणें म्हणजे नुसतें विजेचें काम नव्हे. तें एंजिनाच्या श्वासाचें काम आहे. जुन्या जनरेटरचें अंग ९० मिलिमीटर व्यासाचें. बाराच्या पुष्कळशा जनरेटरांचें १०५. अंग जाड झालें कीं खालची बैठक आणि वरचा कवळ्याचा पट्टाहि त्या मापाचे लागतात. व्यास मोजल्याशिवाय जनरेटर विकत घेऊं नये. त्याच्या सोबतीचा रेग्युलेटरहि बाराचाच हवा. बसविल्यावर पंखा आवरणाला घांसत नाहीं हें हातानें फिरवून पाहावें. पट्टा अंगठ्यानें मधोमध दाबला असतां सुमारें अर्धा इंच दबावा. ताण कमीअधिक करण्यास कप्पीच्या दोन भागांमधील पातळ चकत्या काढाव्या किंवा घालाव्या लागतात.

याच्याशींच निगडित एक बारीकशी गोष्ट आहे. चालकासमोर एक लहान तांबडा दिवा असतो. पट्टा तुटला कीं वीज बंद होते, पंखाहि बंद होतो, आणि हा दिवा लागतो. पाण्याच्या एंजिनाला उष्णतेचा कांटा तरी असतो. या गाडीला हा तांबडा दिवाच पहारेकरी. मोठे दिवे बदलून हा इवलासा सहाचा बल्ब कोणी तसाच ठेवला, तर किल्ली फिरवितांच तो जळून जातो. पुढें पट्टा तुटला तरी कोणाला कळत नाहीं आणि एंजिन भाजून निघतें. म्हणून किल्ली फिरवितांना हा दिवा लागतो आणि एंजिन चालूं होतांच विझतो, हें दररोज पाहावें.

स्टार्टरचें प्रकरण जरा खर्चिक आहे. सहाच्या बीटलमध्यें फ्लायव्हीलला १०९ दांते असतात, बाराच्या गाडींत १३०. नवें चाक घालावयाचें तर क्लच मोठा, स्टार्टर निराळा, त्याचें बुश निराळें, शिवाय गिअरपेटीचें आवरण आंतून घांसून जागा करावी लागते. एंजिन दुसऱ्या कारणासाठीं उतरविलें असेल तरच हें करावें. पुष्कळ लोक जुनाच स्टार्टर बारा व्होल्टांवर चालवितात. तो जोरानें फिरतो व एंजिन चटकन चालूं होतें. परंतु तो सूत्राला अपवाद आहे, नियम नव्हे. त्याचें काम दोनतीन सेकंदांचें असतें म्हणूनच तो निभावतो. दहा-पंधरा सेकंद किल्ली धरून बसाल तर त्याची गुंडाळी जळेल, आणि दांत्यांवर आघात होतो तो वेगळाच. आम्हीं हाच मार्ग घेतला, अटीसकट.

आणखी एक आडवाट सांगून ठेवतों. सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडींतून मधेंच तार काढून हॉर्न किंवा रेडिओ सहावर चालवावा, अशी युक्ति कोणी सुचवितात. तीन कप्पे दुहेरी राबतात आणि तीन आरामांत राहतात. चार्जिंग मात्र दोघांना सारखें. एक बाजू उपाशी, एक बाजू अजीर्णानें आजारी. अशानें दोन्ही बॅटऱ्या लवकर मरतात.

येथवर सारें यथासांग झालें. पहिल्या दिवशीं किल्ली फिरवितांच एंजिन चालूं झालें, दिव्यांनीं समोरची भिंत पांढरी झाली, आणि मास्तरला आपल्या हिशेबाचा थोडा गर्व झाला. मुलें मागच्या आसनावर उड्या मारून बसलीं. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली न गेली तोंच धाकटी ओरडली, “आजोबा, खालून वास येतोय!”

बीटलची बॅटरी मागच्या आसनाखालीं असते. नवी बॅटरी जुनीपेक्षां थोडी उंच होती. आसनाच्या खालीं पोलादी स्प्रिंगा आहेत आणि त्यांवर काथ्या-केसांची गादी. माणूस बसला कीं स्प्रिंग खालीं येते. ती बॅटरीच्या उघड्या टोंकाला लागली. स्प्रिंगचें आसन पत्र्याला टेंकलेलें, म्हणजे दुसऱ्या टोंकाशींहि जोडलेलें. मधें फ्यूज नाहीं. स्प्रिंग लाल झाली आणि गादी धुमसूं लागली. मुलांना ओढून बाहेर काढलें, पुतण्यानें आसन उपटून रस्त्यावर फेंकलें, आणि शेजारच्या दुकानांतील पाण्याची घागर त्यावर ओतली. आणखी मिनिटभर गेलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार आजहि मला नकोसा वाटतो.

दोष कोणाचा? मिस्त्रीचा नव्हे, सारें काम माझ्या कागदावरून झालें होतें. बॅटरीवर मूळचें एक झांकण असतें. तें नव्या बॅटरीवर बसेना, म्हणून बाजूला ठेवलें गेलें, आणि मीं तें पाहूनहि कांहीं बोललों नाहीं. मीं दशांश ओहमचा हिशेब केला, परंतु फूटपट्टी घेऊन बॅटरीची उंची मोजली नाहीं. विजेचें गणित बरोबर होतें. मुलें मात्र त्या गणितावर बसलीं नव्हतीं, आसनावर बसलीं होतीं.

आतां त्या गाडींत कमी उंचीची बॅटरी आहे, ती पट्ट्यानें जखडलेली आहे, टोंकांवर रबराच्या टोप्या आणि वर वीज न वाहणारें घट्ट झांकण आहे. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेवर, बॅटरीच्या अगदीं जवळ, आम्हीं फ्यूजहि घातला; केवळ स्टार्टरची जाड तार तेवढी त्यांतून वगळावी लागते. म्हणून त्या तारेचें वेष्टण आणि ती पत्र्यांतून जाते तेथील रबर दर वर्षीं तपासावें. आणि कोणतेंहि काम करण्यापूर्वीं बॅटरीची अर्थिंगची तार आधीं काढावी व सर्वांत शेवटीं लावावी.

तात्पर्य, ज्यांना हा बदल करावयाचा असेल त्यांनीं हा क्रम ठेवावा: आधीं घांसून व मोजून पाहावें, मग वाहणारें ठेवून खाणारें बदलावें, जनरेटर बदलतांना पंख्याला आणि तांबड्या दिव्याला विसरूं नये, आणि मुलांना बसविण्यापूर्वीं आसन उचलून खालीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

गेल्या महिन्यांत पुतण्या पुन्हां रात्रीं फलटणच्या रस्त्यानें आला. उसाची बैलगाडी त्याला दुरूनच दिसली, असें तो म्हणाला. निघण्यापूर्वीं धाकटीनें आसन उचलून झांकण पाहिलें होतें, हेंहि त्यानें सांगितलें. मला त्या दोहोंपैकीं दुसऱ्या गोष्टीचा आनंद अधिक झाला.