स्मार्ट बटण, स्मार्ट बल्ब आणि मधल्यामध्ये अंधार

मगरपट्टा, अमानोरा, मांजरी, केशवनगर. पुण्यातल्या हडपसरच्या या पट्ट्यात नव्या घराचा ताबा मिळाला की इंटिरिअरवाल्याच्या कोटेशनमध्ये हल्ली ‘होम ऑटोमेशन’ची एक ओळ हमखास असते. बोर्डावर मोबाइलवरून चालणारी टच बटणं, छताला रंग बदलणारे बल्ब. पैसे जातच आहेत तर दोन्ही घेऊन टाकू, असा विचार होतो. घोळ इथूनच सुरू होतो.

‘दोन्ही स्मार्ट घेतले की सोय दुप्पट.’ प्रत्यक्षात दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. स्मार्ट बल्बच्या पोटात रेडिओ आणि चिप असते. दिवा विझलेला असतानाही ती मोबाइलच्या हुकमाची वाट बघत जागी असते, आणि त्यासाठी होल्डरला चोवीस तास वीज लागते. स्मार्ट बटणाचं काम नेमकं उलटं: आतला रिले ‘टक्’ करतो आणि होल्डरची वीज तुटते. वीज तुटली की बल्ब ॲपमध्ये ‘ऑफलाइन’. मग अलेक्साला कितीही हाका मारा. बटण पुन्हा दाबल्यावरही बल्बला वाय-फाय पकडायला काही सेकंद लागतात.

हे साध्या बटणानेही होतंच. दिवा विझवायचा म्हणजे बटण दाबायचं, हे आजीचं आणि कामाला येणाऱ्या मावशींचं वळण आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पुढची गंमत म्हणजे अनेक वाय-फाय बल्ब लागोपाठ तीन किंवा पाच वेळा बंद-चालू केले की रीसेट होतात. नवीन जोडणीसाठी दिलेली ही सोय. पण नातवाने बटणाशी खेळ केला की बल्ब लुकलुकायला लागतो, घरचं वाय-फाय विसरतो आणि सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागते.

बटण डिमरवालं असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. डिमर विजेच्या लाटेचा तुकडा कापून उजेड कमी करतो, तर स्मार्ट बल्ब स्वतःचा उजेड स्वतः कमी करतो आणि त्याला अखंड लाट हवी असते. दोघांची गाठ पडली की फडफड, गुणगुण, आणि बल्ब लवकर जातो.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे: बहुतेक खोल्यांत बटण स्मार्ट, दिवे साधे एलईडी. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये सहा पॅनल लाइट असतील तर एका बटणात सहाही ताब्यात येतात. शिवाय ते पॅनल होल्डरमधले बल्ब नसतातच, त्यामुळे तिथे स्मार्ट बल्बचा प्रश्नच येत नाही. रंग किंवा पिवळा-पांढरा बदल खरोखर हवा असेल, समजा मुलांच्या खोलीत किंवा पलंगाशेजारी, तिथे स्मार्ट बल्ब घ्या आणि त्याची वीज तोडू नका.

दोन्ही एकत्र नांदतात ते एकाच अटीवर: बटणाने वीज तोडायची नाही, फक्त निरोप द्यायचा. काही स्विचमध्ये ही सोय असते. शेली कंपनीच्या स्विचमध्ये तिला ‘डिटॅच्ड’ म्हणतात, अकारा कंपनीच्या काही मॉडेलमध्ये ‘डीकपल्ड’. रिले कायम चालू राहतो आणि बटण दाबलं की बल्बला संदेश जातो. फिलिप्स ह्यूचे बल्ब २०१२मध्ये आले, पण जुन्या बटणाच्या मागे बसणारं त्यांचं बॅटरीवरचं मॉड्यूल जाहीर व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. म्हणजे ही अडचण कंपन्यांनाही चांगली ठाऊक आहे. दुकानदाराला एवढंच विचारा: ‘रिले चालू ठेवून बटण नुसता संदेश पाठवेल का, आणि नेट नसताना पाठवेल का?’ दुसरा भाग विसरू नका. संदेश दूरच्या सर्व्हरवरून फिरून येणार असेल तर नेट गेलं की भिंतीवरचं बटणही मुकं. वाय-फायऐवजी झिगबी या रेडिओवर चालणाऱ्या उपकरणांचा हब घरातच असतो, त्यामुळे तिथे सहसा नेटवाचून काम चालतं.

‘आपल्याकडे बोर्डात न्यूट्रल नसतो.’ बहुतेक स्मार्ट बटणांना लागणाऱ्या या तारेबद्दल हे हमखास ऐकू येतं. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच, त्याशिवाय प्लग चालणार कसा? नुसती बटणं असलेल्या छोट्या बोर्डांत मात्र तो नसू शकतो. वायरमनला बोर्ड उघडून दाखवायला सांगा. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच स्वतःपुरती थोडी वीज दिव्यामधूनच ओढतात. त्यामुळे साधा एलईडी बंद असतानाही कधी मिणमिणतो, आणि स्मार्ट बल्ब तर धड चालू राहत नाही, धड बंद. ही जोडी टाळाच.

‘ॲपवरून बंद केला म्हणजे वीज नाही.’ हा समज धोक्याचा आहे. बल्ब ॲपवरून विझवला तरी होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात. बटण स्मार्ट असेल तर तुम्ही स्टुलावर उभे असताना घरातलं कोणीतरी मोबाइलवरून ते चालू करू शकतं. बल्ब बदलताना एमसीबी खाली करा.

‘स्मार्ट म्हणजे वीजबचत.’ बचत एलईडीची, स्मार्टपणाची नव्हे. नुसतं जागं राहायला बल्ब किती वीज खातो याला युरोपियन संघाने २०२१पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आहे. तेवढी धरली तर एका बल्बमागे वर्षाला सुमारे ४.४ युनिट, दहा बल्बांचे ४४. आकडा मोठा नाही, पण त्याला बचत म्हणता येत नाही.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. बल्ब इन्व्हर्टरवर असतील तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर रात्री तीनला वीज परत येते आणि बेडरूमचा बल्ब झगझगीत पेटतो, कारण वीज आली म्हणजे कोणीतरी बटण दाबलं असंच तो धरून चालतो. बऱ्याच ॲपमध्ये यावर ‘पॉवर-ऑन’ सेटिंग असतं, तिथे ‘आधीची स्थिती’ निवडता येते. मात्र मग ॲपवरून विझवलेला बल्ब भिंतीवरच्या बटणाने पेटत नाही. म्हणून हे सेटिंग बेडरूमपुरतंच ठेवा, हॉलमध्ये नको.