पाइपाच्या टोकाला किती किलो?

सणसरच्या शिवारात ठिबकची नवी मेन लाइन टाकायचं काम चाललं होतं. शेजारी नीरा डावा कालवा, जवळच भवानीनगरचा साखर कारखाना, त्यामुळे नजर जाईल तिकडे ऊस. चरात ११० मिलिमीटरचा पाइप अंथरलेला. पाइपावर छापलं होतं: ४ किलो. इथे सगळे असंच बोलतात, चार किलोचा पाइप, सहा किलोचा पाइप. हे वजन नव्हे. दर चौरस सेंटिमीटरला पाइप किती किलोचा जोर पेलेल, ते आहे.

सॅण्ड फिल्टरवरचं गेज मोटर चालू केल्यावर २.५ वर थरथरत थांबलं. गेजच्या आतल्या वर्तुळात पीएसआयचे आकडे असतात. तिथे काटा ३५ च्या थोडा पुढे, कारण एक किलो म्हणजे १४.२२ पीएसआय. मोटरीच्या पाटीवर हेच हेडच्या मीटरमध्ये असतं: दहा मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो, म्हणून अडीच किलोला पंचवीस मीटर. शाळेच्या पुस्तकातल्या पास्कलमध्ये मांडलं तर सुमारे २,४५,०००. आकडा डोळे फिरवणारा, दाब तोच.

खरी गंमत टोकाच्या एंड कॅपला. अडीच किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाइपाची त्रिज्या ५.५ सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: कॅपवर २३७ किलोचा रेटा, उसाच्या भल्यामोठ्या मोळ्या लोटाव्यात तसा. सबमेनच्या ६३ मिलिमीटरच्या पाइपाला त्याच दाबात ७८ किलोच. मेनचा व्यास सबमेनच्या दुपटीहून कमी, रेटा मात्र तिप्पट, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. काटकोनातल्या एल्बोवर तर दोन्ही बाजूंचा रेटा एकत्र येतो, ३३५ किलोच्या घरात. व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर याहून वर.

म्हणून सांधे चिकटवणाऱ्या नुसत्या सोल्युशनवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. मेन लाइनला एल्बो आणि एंड कॅपमागे काँक्रीटचा ठोकळा हवाच, आणि तोही चराच्या न खणलेल्या, घट्ट भिंतीला टेकवून. काळ्या रानात ओली माती अशी रेटू देते की बघता बघता सांधा सुटतो. खर्च वाचवायला नेमका हाच ठोकळा गाळला जातो, याचं वाईट वाटतं.

इथे गडी ठोकळा ओतून पाइपाच्या मधल्या भागावर माती लोटत होते. सांधे उघडे ठेवले होते. काँक्रीट सुकलं की पूर्ण दाबाने पाणी सोडायचं, थेंब कुठे येतो ते बघायचं, मग चर बुजवायचा.