ट्रॉलीवाल्यांचा मालक कोण?

दिल्लीतल्या द्वारका सेक्टर 21 वरून एअरपोर्ट मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन विमानतळ. टर्मिनलबाहेर आपण सामान टॅक्सीत टाकतो, ट्रॉली तिथेच सोडतो आणि कोणीतरी ती ढकलत रांगेत नेऊन लावतो. या कोणीतरीचा मालक कोण, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रॉली गोळा करण्याच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, अशी अधिसूचना केंद्राने 26 जुलै 2004 रोजी काढली. 2006 मध्ये विमानतळ खाजगी कंपनीकडे गेला. कंपनीचं म्हणणं, आम्ही खाजगी, केंद्राचा हुकूम आम्हाला लागू नाही. 2011 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं, कामगारांची संघटना जिंकली. पण कामगारांना कामावर घ्या, असा आदेश झाला नाही. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई मिळाली.

कामगारांची वकिली करणाऱ्यांना असा अर्धा विजय ओळखीचा आहे.

या वकिलांच्या टेबलावर पहिला प्रश्न अन्यायाचा नसतोच. 'कागद काय आहे?' हा असतो. ओळखपत्र, ईएसआय कार्ड, पीएफचा नंबर, पगार जमा झालेलं पासबुक, हजेरीचा मोबाइलवर काढलेला फोटो. नेमणूकपत्र बहुधा नसतंच. ओळखपत्रावर एका ठेकेदाराचं नाव, पीएफला दुसऱ्याचं, आणि काम मात्र सात वर्षं त्याच मशीनवर. त्यात द्वारकेचा भूगोल आडवा येतो. माणूस राहतो कापसहेड्याला, म्हणजे दिल्लीत. शिलाईचा कारखाना पलीकडे उद्योग विहारला, म्हणजे हरियाणात. मग दावा गुरुग्रामला. दिल्लीतलं प्रकरण असलं तरी द्वारका कोर्टाचा उपयोग नाही. दिल्लीची कामगार न्यायालयं आता राउज अव्हेन्यूला आहेत. एका तारखेला एक खाडा, आणि अशा तारखा वर्षानुवर्षं.

या न्यायालयांत वकिलाला सहज उभंही राहता येत नसे: 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक मजेशीर कलम होतं, 36 वं. समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभं राहता येत नसे. कामगाराची बाजू युनियनच्या पदाधिकाऱ्याने मांडावी, ही मूळ कल्पना. म्हणूनच या कोर्टांत काळा कोट नसलेले, पण कलमं तोंडपाठ असलेले 'ए. आर.', म्हणजे अधिकृत प्रतिनिधी दिसत. मालकांनी यावर तोड काढली: वकिलालाच मालक संघटनेचा पदाधिकारी करायचं. सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात 1976 मध्ये ते चालवूनही घेतलं.

'मालक कोण' या प्रश्नाचं सर्वांत धडधडीत उदाहरण मात्र आपल्या मुंबईचं. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्यांना कामगार म्हणायचंच नाही, 'स्वयंसेवक' म्हणायचं; पगार नाही, 'मानधन'! मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कंत्राट बनावट असल्याचं औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केलं. 2,700 कामगारांना कायम करण्याचा तो 2014 चा निवाडा सर्वोच्च न्यायालयात 2017 मध्ये टिकला. एवढ्या अवधीत काही जण वारलेही होते.

मराठी मुलखातला आणखी एक निकाल दिल्लीतही हाताशी लागतो. औरंगाबादच्या एका शिक्षिकेचा, 2013 चा, दीपाली गुंडू सुरवसे या नावाचा. बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्यात म्हटलं आहे. मधल्या काळात आपल्याला दुसरं काम नव्हतं एवढं कामगाराने सांगायचं. होतं, हे मालकाने सिद्ध करायचं. उलटतपासणीत 'मग घर कसं चाललं?' हा प्रश्न येतोच. उसनवारीवर, हे खरं उत्तर असतं, आणि उसनवारीची पावती नसते.

या वकिलांची ऑफिसं चालतात कशी? निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, आणि काम गेलेल्याकडे आगाऊ द्यायला पैसे नसतात. युनियनची वर्गणी असते तोवर ठीक. कॉलिन गोन्साल्विस यांनी गिरणी संपाच्या काळात मुंबईत कामगारांचे खटले लढवले, 1989 मध्ये ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क उभं केलं, पुढे दिल्ली गाठली. मुळात ते आयआयटीचे सिव्हिल इंजिनिअर. कामगारांची वकिली सरळ वाटेने येणाऱ्यांची नाही, असं मला वाटतं, ते अशा माणसांकडे पाहून.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कामावरून काढल्यावर थेट कामगार न्यायालयात अर्ज करायला जुन्या कायद्यात 3 वर्षांपर्यंत वाव होता. आता समेट अधिकाऱ्याकडे 2 वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्या घरातलं कोणी ठेकेदाराकडे कामाला असेल, तर त्याच्या ओळखपत्राचा फोटो आजच काढून ठेवा. काढून टाकताना गेटवर पहिल्यांदा तेच काढून घेतात.